खोक्यावरचे तीन शब्द

पुरुषांच्या सेंटच्या खोक्यावर हल्ली तीन शब्द हमखास असतात. फ्रेश, वुडी, स्पोर्ट. बाटली दोनशे रुपयांची असो नाहीतर आठ हजारांची, हे त्रिकूट काही सुटत नाही. गेल्या दिवाळीत आमच्याकडे अशा दोन बाटल्या आल्या. एक भाच्याने दिली, दुसरी सौ.च्या ऑफिसातून भेट म्हणून आली. दोन्हींवर हेच लिहिलेलं. मराठीत सांगायचं तर ताजा, लाकडाचा आणि खेळाचा वास. खेळाचा वास म्हणजे नेमका कसला, असं भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, असं शब्दशः नसतं हो घ्यायचं."

मला मात्र ते शब्दशः घ्यावंसं वाटलं. बाटलीत काही वाईट आहे म्हणून नव्हे. वास छान आहे, मी लावतोही. पण हे तीन शब्द वाचले की मला जव्हार आठवतं, आणि जव्हार आठवलं की ह्या शब्दांचा हिशेब जुळेनासा होतो.

आमचे मामा जव्हारला नोकरीला होते हे घरच्या मंडळींना ठाऊक आहेच. (मामी, तू वाचत असशीलच. काही राहिलं असेल तर फोन कर.) शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिथेच गेल्या. तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे ठाणे जिल्ह्याचे तालुके होते, १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आले. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सह्याद्रीच्या पश्चिम अंगाचा डोंगराळ मुलूख, जव्हार गाव साधारण साडेचारशे मीटर उंचीवर. मुकणे राजांचं संस्थान, जयविलास राजवाडा, दाभोशाचा धबधबा, वारली चित्रं... पर्यटनाच्या माहितीपत्रकात एवढं असतं. पेपरात मात्र ह्या दोन तालुक्यांची नावं येतात ती कुपोषणाच्या नाहीतर पाणीटंचाईच्या बातमीत. वस्ती बहुतेक सगळी आदिवासी. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी.

आणि रान, पाणी, पळणं ह्या तिन्ही गोष्टी तिथे शब्दशः आहेत. म्हणूनच म्हणतो, खोक्यावरचे शब्द तिथे नेऊन ताडून बघू. क्रम फक्त जरा बदलतो.

आधी ‘वुडी’. सेंटवाल्यांच्या भाषेत ह्यात देवदार, चंदन, वाळा, पाचोली असे वास येतात. पूर्वी ते खरोखर लाकडातून आणि मुळांतून काढलेल्या तेलांचे असत. आता त्यातलं बरंचसं प्रयोगशाळेत बनतं. आयसो ई सुपर नावाचं एक रसायन १९७० च्या दशकात अमेरिकेत तयार झालं, आणि आजच्या कितीतरी पुरुषी सेंटांचा लाकडीपणा त्याच्या खांद्यावर उभा आहे. ह्यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. उलट चंदनाची झाडं जी काही उरली आहेत ती त्यामुळे वाचत असतील तर चांगलंच आहे.

पण एक गंमत सांगतो. पुरुषांच्या सेंटांचं एक मोठं घराणं आहे, त्याला ‘फुजेर’ म्हणतात. फुजेर म्हणजे फ्रेंचमध्ये नेचे, आपण शोभेला कुंडीत लावतो ते. १८८२ साली पॅरिसच्या उबिगां कंपनीने ‘फुजेर रोयाल’ नावाचं सेंट काढलं आणि तिथून हे घराणं सुरू झालं. आता नेच्याला सांगण्यासारखा वासच नसतो! मग त्यांनी तो कल्पनेने रचला, आणि त्यात वापरलं कुमारिन. कुमारिनचा वास असतो कापून वाळत घातलेल्या गवताचा. म्हणजे रुबाबदार पुरुषाचा म्हणून जगाने जो वास मान्य केला, त्याच्या मुळाशी वाळलेलं गवत आहे.

गवत म्हटलं की आमच्या ठाणे-पालघरच्या माणसाला आणखी काही आठवायला हवं. १९४५ साली तलासरी, डहाणू, उंबरगाव भागातल्या वारल्यांनी संप केला होता. मागणी होती, पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी मिळावी. त्या संपात गोळीबार झाला, माणसं मेली. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना हे ठाऊक आहे. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी ते जरूर मिळवून वाचावं. गवताचा वास पॅरिसला बाटलीत जाऊन पासष्ट वर्षं होत आली होती, आणि इथे ते कापणाऱ्याला धड मजुरी मिळत नव्हती.

रानाचा खरा वास मी जव्हारला घेतला तो असा एकच नव्हता, महिन्यागणिक वेगळा होता. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं गळायची, त्यांचा गोड, जडसर, थोडासा आंबूस वास पहाटे अंगावर यायचा. काहींना तो आवडत नाही. मला अजून आवडतो. पळस त्याच सुमारास पेटल्यासारखा फुलायचा, पण त्याला वास नाही. मग राब भाजायचे दिवस. राब म्हणजे भाताच्या नाहीतर नाचणीच्या रोपांसाठी जमीन भाजून घेणं. पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्या, शेण पसरायचं आणि पेटवून द्यायचं. संध्याकाळी अख्ख्या खोऱ्यावर त्या धुराची निळी चादर असायची. आणि मग पहिला पाऊस.

ह्या पहिल्या पावसाच्या वासाला इंग्रजीत १९६४ पर्यंत नावच नव्हतं. त्या वर्षी बेअर आणि थॉमस ह्या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी त्याचं ‘पेट्रिकोर’ असं बारसं केलं. आपल्याकडे कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीपासून ‘मिट्टी अत्तर’ त्याच्या कितीतरी आधीपासून काढत होते. असो. भाजलेल्या राबावर पडलेल्या पावसाचं अत्तर मात्र अजून कुणी काढलेलं माझ्या ऐकिवात नाही.

आता मुद्द्याचं. मोखाड्याकडचा एक मुलगा आमच्या ओळखीचा आहे, ठाण्यात एका दुकानात कामाला लागला. वय बावीस-तेवीस. कधीमधी घरी येतो. आला की सेंटचा भपकारा आधी येतो आणि मागून हा. आमच्याकडे त्यावरून थट्टा चालायची. एकदा मीच म्हटलं, "अरे, जरा कमी मारत जा." तर तो अगदी शांतपणे म्हणाला, "काका, पहिल्याच आठवड्यात साहेब बोलले, तुझ्या कपड्यांना धुराचा वास येतो, गिऱ्हाईक लांब जातं. तेव्हापासून रोज मारतो. सुट्टीवर घरून आलो की दुप्पट मारतो."

ह्यावर काय बोलणार?

त्याचं घर कारवीच्या कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यावर शेणमातीचा लेप. आत चूल. चुलीवरच्या वळणीवर कपडे वाळतात, कारण पावसात चार महिने दुसरीकडे ते वाळतच नाहीत. बियाण्याची कणसंही तिथेच वर टांगलेली, म्हणजे धुराने कीड लागत नाही. त्या घरात सगळ्याच गोष्टींना धुराचा वास येतो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि ह्याच्या उलट बाजूला बघा. महागड्या सेंटांमध्ये ‘स्मोकी वुड’ म्हणून एक प्रकार असतो. बर्चच्या सालीचं डांबर वगैरे घालून मुद्दाम धुराचा वास आणतात. तो लावून एखादा साहेब दुकानात आला तर त्याला कुणी सांगेल का, तुमच्या कपड्यांना धुराचा वास येतो म्हणून?

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर कुणीतरी म्हणेल की हा शहरात बसून चुलीचे गोडवे गातोय. चुलीचा धूर वाईट असतो. डोळे जातात, छाती भरते, आणि ते भोगतात बायका आणि लहान मुलं. मोळी आणायला बाई मैलभर चालते त्यात काव्य नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघर सिलिंडर पोचले, ही चांगली गोष्ट झाली. सिलिंडर संपला की पुन्हा भरायला पैसे नसतात आणि चूल पुन्हा पेटते, हेही तितकंच खरं. तेव्हा त्या मुलाला धुराचा वास नको असेल तर तो त्याचा हक्क आहे. त्याने पन्नास रुपयांची खिशात मावणारी डबी घ्यावी, नाहीतर आठ हजारांची बाटली. माझं दुखणं वेगळं आहे. रानाचा वास आपल्याला बाटलीतून हवासा वाटतो आणि रानातून आलेल्या माणसाच्या सदऱ्याला तोच आला तर आपण बाजूला सरकतो. मग तो मुलगा आपल्या अंगचा खरा वास झाकायला ‘वुडी’ असं लिहिलेली बाटली विकत घेतो. त्या मुलाचं ह्यात काहीच चुकत नाही. तपासायला हवं ते आपलं नाक.

दुसरा शब्द ‘स्पोर्ट’. हा तसा अलीकडचा. १९९४ साली ‘पोलो स्पोर्ट’ आलं, २००४ साली शनेलचं ‘अल्यूर ओम स्पोर्ट’ आलं, आणि मग ज्याला त्याला आपल्या जुन्या सेंटाची एक ‘स्पोर्ट’ आवृत्ती हवीशी झाली. अर्थ एवढाच की वास जरा हलका, जरा थंड, लिंबासंत्र्याकडे झुकणारा. खेळाशी त्याचा संबंध जाहिरातीतल्या पिळदार पोरापुरता. खेळून आलेल्या माणसाला घाम येतो, आणि घामाचीही एक गंमत आहे. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. कातडीवरचे जिवाणू त्यावर काम करतात तेव्हा तो येतो. म्हणजे खरोखर पळणाऱ्याचा, आंघोळीला पाणी मिळणाऱ्याचा वास असा काही नसतोच.

मोखाड्याला लागून नाशिकचा त्र्यंबकेश्वर तालुका. तिथे हरसूलजवळ सावरपाडा म्हणून आदिवासी वस्ती आहे. कविता राऊत तिथली. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणून पेपरवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं ते तुम्हाला आठवत असेल. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, २०१२ साली अर्जुन पुरस्कार, आणि २०१६ ला रिओमध्ये ऑलिंपिकची मॅरेथॉन. लहानपणी डोंगरातून लांबून पाणी आणताना पायाला पळायची सवय लागली, असं तिच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं.

आपण हे कौतुकाने वाचतो आणि छान वाटतं. मला मात्र ते वाचून जरा अस्वस्थ व्हायला होतं. पाण्यासाठी पळणाऱ्या मुली त्या पट्ट्यात शेकड्याने होत्या, आहेत. त्यातली एक ऑलिंपिकला पोचली. बाकीच्यांचं पळणं कुठल्याच स्पर्धेत मोजलं गेलं नाही. मोखाड्याच्या रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतात. त्यांच्यासाठी पळणं म्हणजे नोकरीचा अर्ज. ‘स्पोर्ट’ ह्या शब्दात जी फुरसत आहे ती त्यात नाही.

आता राहिला ‘फ्रेश’. तिघांतला सगळ्यात साळसूद शब्द. सेंटमधला हा ताजेपणा येतो लिंबाच्या जातीच्या तेलांतून, आणि दोन-तीन रसायनांतून. एक आहे कॅलोन, १९६६ साली फायझर ह्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडलेलं. समुद्रावरचा वारा आणि कलिंगड ह्यांच्या मधला काहीतरी वास. दुसऱ्याचं नाव डायहायड्रोमिर्सेनॉल (पाठ करू नका, मीही कागदावर बघून लिहितोय :) ). ते टर्पेंटाइनपासून, म्हणजे पाइनच्या चिकापासून बनवतात. १९८८ सालच्या ‘कूल वॉटर’मध्ये ते भरपूर होतं, आणि ते सेंट इतकं चाललं की नुकताच नाहून आलेला पुरुष असाच दरवळतो हे सगळ्यांच्या डोक्यात बसलं.

नुकताच नाहून आलेला. म्हणजे पाणी आलं.

मुंबईला जे पाणी मिळतं त्यातलं मोठं पाणी वैतरणेचं. २०१४ साली मध्य वैतरणा धरण सुरू झालं, ते मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याला. रोज सुमारे ४५.५ कोटी लिटर पाणी त्यातून मुंबईला मिळतं. जव्हार-मोखाड्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. तो काळ्या कातळावरून खळाळत खाली जातो. आणि त्याच मोखाड्याच्या पाड्यांवर मार्च-एप्रिल आला की टँकर सुरू होतात. दरवर्षी. टँकर विहिरीत पाणी ओततो, बायका कळशा-हंडे घेऊन आधीच उभ्या असतात, गढूळ पाणी निवळायची वाट बघायलाही कुणी थांबत नाही.

मुंबईने पाणी पिऊ नये असं मी म्हणत नाही. मोठ्या शहराला पाणी लांबूनच येणार. पण ज्या तालुक्यातून रोज कोट्यवधी लिटर पाणी जातं त्या तालुक्यातल्या प्रत्येक पाड्याला बारा महिने पुरेल एवढं पाणी आधी पोचावं, ही मागणी अवास्तव वाटते का तुम्हाला? तांत्रिकदृष्ट्या ती अशक्य असती तर एवढं पाणी शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब मुंबईत सातव्या मजल्यावरच्या शॉवरला कसं आलं असतं? डोंगरावरच्या पाड्याला पाणी चढवायला खर्च येतो, मान्य. सातव्या मजल्यालाही येतो. तिथे तो खर्च कुणी मोजत बसत नाही एवढंच. ‘फ्रेश’ हा शब्द आपल्याला परवडतो त्यात मोखाड्याच्या पावसाचाही वाटा आहे, आणि त्याबद्दल आपण त्या गावांचं काहीतरी देणं लागतो.

हे सगळं वाचून जव्हार म्हणजे फक्त दुःख असं कुणाला वाटायला नको. कारण जव्हारहून मुंबईला खरोखरचा एक सुगंध रोज जातो. मोगरा! गेल्या काही वर्षांत जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागात बऱ्याच शेतकऱ्यांनी मोगरा लावला. कळ्या पहाटेच, उमलायच्या आत खुडतात, नाहीतर बाजारात किंमत नाही. मग पिशव्या भरून दादरच्या फूलबाजारात. भाव लहरी, लग्नसराईत आणि सणाला चढतो, एरवी कोसळतो. तरी हातात रोजचा पैसा येतो. नाहीतर भातकापणी झाली, दिवाळी सरली की अख्खी घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जायची, मुलांची शाळा सुटायची. अजूनही जातात. पण ज्याच्याकडे पाच-दहा गुंठे मोगरा आहे आणि त्याला घालायला पाणी आहे, तो घरी राहू शकतो. बघा, पुन्हा गाडी पाण्यावरच आली.

मोगरा खुडणाऱ्यांत पुरुषही असतात. सकाळभर खुडून त्यांच्या बोटांना येणारा वास दिवसभर जात नाही. आता सांगा, हा बायकी वास की पुरुषी? आमचे आजोबा उन्हाळ्यात वाळ्याचं आणि थंडीत हिन्याचं अत्तर कानात फाया घालून लावत. मोगऱ्याचं, केवड्याचंही लावत. लग्नात मांडवात आलेल्या प्रत्येक पुरुषाच्या मनगटावर अत्तर लागायचं, कुणी वास पुरुषी आहे का असं विचारलं नाही. फुलं बायकांची आणि लाकूड पुरुषांचं ही वाटणी खोक्यावाल्यांनी केली आणि आपण ती निमूट मान्य केली.

म्हणून मला वाटतं, बाटल्या खुशाल वापराव्या. कुणाला आनंद होत असेल तर त्यात वावगं काय? पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. जव्हार-नाशिक एस.टी.त किंवा लोकलमध्ये धुराचा वास असलेला माणूस शेजारी बसला तर रुमाल नाकाला न लावणं, ही एक. आणि माणसं कामाला ठेवणारे आपल्यात जे कुणी आहेत त्यांनी नव्या पोराला पहिल्या आठवड्यात त्याच्या वासावरून बोलू नये, ही दुसरी. फारच वाटलं तर त्याची राहायची सोय कुठे आहे, तिथे पाणी किती वाजता येतं, कपडे वाळत घालायला जागा आहे का, ते विचारावं. त्याची जास्त गरज असते. तिसरी गोष्ट, पाण्याची, ती आपल्या एकट्यादुकट्याच्या हातात नाही. पण मत मागायला येणाऱ्यांना विचारायला काय हरकत आहे?

तो मुलगा अजून येतो. हल्ली आम्ही त्याच्या सेंटबद्दल काही बोलत नाही. मागच्या खेपेला घरून येताना त्याने मोहाची सुकी फुलं आणली होती, पेपरात बांधून. पुडी दोन दिवस ओट्यावर होती आणि स्वयंपाकघरात सगळीकडे तोच वास होता. सौ. म्हणाली, कसला हा उग्र वास! तिसऱ्या दिवशी तिनेच ती फुलं तव्यावर भाजून गुळाबरोबर कुटली आणि लाडू वळले. चांगले झाले होते.